रश्श्याच्या गावातला पिझ्झा

मागच्या महिन्यात आमच्या घरी तांबड्या रश्श्याचा पिझ्झा करून पाहिला आणि तो साफ फसला. कल्पना माझीच होती. शहरात अधूनमधून एखाद्या उपाहारगृहाच्या फलकावर 'कोल्हापुरी पिझ्झा' अशी अक्षरे दिसतात आणि मागवल्यावर समोर येतो तो नेहमीचाच पिझ्झा, वर लाल तिखट भुरभुरलेला. खरा कोल्हापुरी पिझ्झा करायचा तर त्यात रस्साच हवा, असे माझ्या मनाने घेतले. टोमॅटो सॉसच्या जागी आटवलेला तांबडा रस्सा, त्यावर मटणाचे बारीक तुकडे आणि सर्वांत वर मोझरेला, असा थाट केला. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा तो देखणा दिसत होता. पण सुरी लावली आणि मधला भाग चक्क चमच्याने उचलावा लागला. सासूबाईंनी एक घास घेतला, ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "अगं, मग भाकरीच कुस्करायची हुती की. एवढा खटाटोप कशाला केलास?"

त्या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार केला, कारण त्यात पिझ्झ्याचे सगळे शास्त्र आले होते. आपल्याकडे भाकरी असो वा ब्रेड, तिने भिजायचे असते. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात ते कटात बुडवण्यासाठीच, आणि तांबडा-पांढरा वाढलेल्या पंगतीत भाकरीचा पहिला तुकडा कोरडा खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पिझ्झ्याच्या बेसला मात्र वर ओले पदार्थ घेऊनही खालून कोरडे आणि कडक राहायचे असते. ही अट एकदा ध्यानात आली की ठिकठिकाणचे पिझ्झे वेगळे का झाले आणि कुठल्या पिझ्झ्यावर काय शोभते, याचा उलगडा होऊ लागतो. आवडते टॉपिंग कोणते, हा प्रश्न मला हल्ली अपुरा वाटतो; कोणत्या बेसवर आणि किती तापलेल्या भट्टीत, हेही त्याबरोबर विचारले पाहिजे.

इटलीतल्या नेपल्सचेच पाहा. तिथली लाकडाची भट्टी ४०० अंश सेल्सिअसच्या पुष्कळ वर तापलेली असते आणि पिझ्झा त्यात ६० ते ९० सेकंदच राहतो. एवढ्या थोड्या वेळात टोमॅटोला फार पाणी सुटायला सवड मिळत नाही, म्हणून तिथे सालपटे काढून नुसता कुस्करलेला टोमॅटो आणि ताजे, ओलसर चीज चालून जाते. तरीही टॉपिंग मोजकेच ठेवतात, कारण थर जाड झाला तर ९० सेकंदांत बेस भाजला जाणार नाही. मारिनारा या तिथल्या जुन्या पिझ्झ्यावर चीज नसतेच; टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, एवढ्यावर तो उभा असतो. मार्गारिटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: १८८९ साली राफाएले एस्पोझितो या कारागिराने राणी मार्गारिटासाठी इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांत पिझ्झा केला, अशी ती कथा. इतिहासकार तिच्याकडे संशयाने पाहतात, आणि मला ते योग्य वाटते, कारण लोकांच्या रोजच्या खाण्याला राजघराण्याची मोहोर लागल्याशिवाय प्रतिष्ठा मिळत नाही, ही हौस आपल्याकडेही कमी नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले, हे मात्र नोंदीतले आहे.

नेपल्स ज्या प्रांतात येते त्या कांपानियाशी कोल्हापूरकराने एक नाते खुशाल सांगावे, आणि ते म्हशीचे. तिथले नावाजलेले मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले फेसाळ दूध पेल्यात घेऊन उभ्याने पिणाऱ्या आपल्या गावाला म्हशीच्या दुधाचा दाटपणा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र नेपल्समधील अनेक कारागीर पिझ्झ्यावर गाईच्या दुधाचे मोझरेला पसंत करतात, कारण म्हशीचे ताजे मोझरेला तापल्यावर जास्त पाझरते. म्हणजे तिथेही कारागिराला पाण्याची चिंता चुकलेली नाही.

हा पिझ्झा इटालियन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला आणि भट्टी बदलली तसा तोही बदलला. न्यूयॉर्कमध्ये १९०५ पासून लोंबार्डीच्या दुकानात तो कोळशाच्या भट्टीत भाजला जात होता. पुढे गॅसच्या ओव्हन आल्या, भाजण्याचा वेळ वाढला आणि ताज्या चीजच्या जागी कमी पाण्याचे, किसता येणारे मोझरेला रूढ झाले. आज आपल्या फ्रीजमध्ये जे पाकीट असते ते त्याच जातीचे. तिथली मोठी, पातळ फोड मधून दुमडून चालता चालता खातात. शिकागोत १९४३ साली पिझेरिया उनोमध्ये खोलगट भांड्यातला जाड पिझ्झा सुरू झाला. तो अर्ध्या तासाहून अधिक भाजावा लागतो, आणि इतका वेळ वर राहिले तर चीज करपेल, म्हणून तिथे तळाशी चीज, मध्ये भरण आणि सर्वांत वर सॉस अशी रचना असते. बाहेरच्याला हा विक्षिप्तपणा वाटतो, पण विस्तवापुढे त्यांनी काढलेली ती सरळ तोड आहे. डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवण्याच्या पोलादी ट्रेमध्ये भाजला जाऊ लागला, आणि त्याची कडा खरपूस होते ती ट्रेच्या भिंतीला टेकून करपलेल्या चीजमुळे. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्या घरात भांडून खाल्ली जाते, तिथे ही कडा कोणाच्या वाट्याला येणार हे आधीच ठरवून घ्यावे.

अर्जेंटिनाच्या पिझ्झ्याकडे माझा जीव विशेष ओढतो. इटलीतल्या जिनोव्हाकडून गेलेल्या लोकांनी तिथे फुगासेता नावाचा पिझ्झा रुजवला. त्यात भरपूर चीज आणि त्यावर कांद्याच्या पातळ चकत्यांचा ढीग असतो, टोमॅटो नसतोच. त्याहून गंमत म्हणजे पिझ्झ्याच्या फोडीवर 'फाइना' नावाची एक वडी ठेवून दोन्ही एकदम खातात. ही फाइना हरभऱ्याच्या पिठात पाणी, तेल आणि मीठ घालून भाजलेली असते, म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याची चुलत बहीणच. बेसन आणि कांदा ही जोडी सातासमुद्रापार पिझ्झ्याच्या दुकानात भेटावी, याचे मला कोण अप्रूप वाटले.

नावांचा एक घोटाळा इथेच सांगून टाकते. आपण ज्याला पेपरोनी म्हणतो ते अमेरिकेत घडलेले तिखटसर सॉसेज आहे; इटालियन भाषेत 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरच्या. त्यामुळे इटलीत तो शब्द उच्चारणाऱ्या मांसाहारी पाहुण्याची निराशा होते आणि आपल्या शाकाहारी मंडळींचे आयते फावते. 'हवाईयन' म्हणवला जाणारा अननसाचा पिझ्झाही हवाई बेटांवरचा नाही. तो १९६२ साली कॅनडात सॅम पानोपुलोस या ग्रीसमध्ये जन्मलेल्या हॉटेलमालकाने केला आणि अननसाच्या डब्यावरचे नाव त्याला चिकटले. २०१७ साली आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी या पिझ्झ्यावर बंदी घालायला आवडेल असे गमतीने म्हटले आणि जगभर वाद पेटला. लोणच्यात गूळ घालणाऱ्या आपल्या लोकांनी आंबटगोडाला नाक मुरडू नये. अननसाविषयी माझी तक्रार इतकीच, की त्याला पाणी फार सुटते.

भारतात १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही साखळ्या आल्या आणि पनीर, मका, ढोबळी मिरची, कांदा हा आपला राष्ट्रीय थर ठरून गेला. कोल्हापुरात मात्र पिझ्झा साखळ्यांच्या आधी बेकरीतून घराघरांत पोचला होता. माझ्या शाळकरी वयात राजारामपुरीतल्या एका बेकरीत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-दोन बेस मिळत. फिकट, जाड, वर टोचे मारलेले आणि किंचित गोड. आई ते तव्यावर तुपात गरम करी, वर बाटलीतला टोमॅटो सॉस, कांदा आणि ढोबळीची कच्ची वर्तुळे, आणि डब्यातले चीज किसून. ते चीज विरघळत नसे, नुसते घामेजत असे. आज इटलीचा माणूस तो पदार्थ पाहून कळवळेल, पण त्या जाड, गोडसर बेसला तो सॉस आणि ते चीज अगदी शोभून दिसे, आणि त्यावर मोझरेला घातले तर चव उलट बिघडते, असे माझे आजही मत आहे.

रश्श्याचा प्रयोग फसल्यावर मी बेस घरी करू लागले. ५०० ग्रॅम मैद्याला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी, चमचाभर मीठ आणि चिमूटभर यीस्ट घेऊन पीठ चांगले तिंबते आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. आमची घरगुती ओव्हन २५० अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून भाकरीचा लोखंडी तवा मोठ्या आचेवर तापवून त्यावर काम भागवते. हाताने थापलेला बेस तव्यावर पडला की मिनिटभरात बुडबुडे येतात; तो उलटायचा, भाजलेल्या, डाग पडलेल्या बाजूवर टॉपिंग घालायचे आणि झाकण ठेवायचे. इथे मला एक अडचण आली. चीज विरघळायला झाकण हवे, पण झाकणाच्या आतून वाफेचे थेंब गोळा होऊन ते बरोबर पिझ्झ्याच्या मध्यावर ठिबकत आणि सगळी मेहनत पुन्हा ओली होई. सासूबाई ओट्याशी ज्वारीचे पीठ मळत होत्या. त्यांनी न बोलता झाकणाची एक कड सांडशीच्या टोकावर टेकवली. झाकण तिरपे झाले, थेंब घरंगळत तव्याच्या काठावर गेले आणि तिथेच चर्र करून उडाले. त्या दिवशीचा बेस खालून भाकरीसारखा वाजत होता.

आता टॉपिंगचे माझे मत बरेच पक्के झाले आहे. भाज्यांमध्ये कांदा सर्वांत श्रेष्ठ. तो कागदासारखा पातळ चिरून, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्यावा. ढोबळी आणि मशरूम आधी कोरड्या तव्यावर परतून पाणी उडवल्याशिवाय बेसवर नेऊ नयेत. टोमॅटोच्या सॉसमध्ये कांदा-लसूण चटणी घालायची तर ती आधी कोमट तेलात सोडावी, म्हणजे तिचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो. नुसती वरून भुरभुरली तर आचेवर ती करपून कडवट होते, आणि फलकावरच्या 'कोल्हापुरी' पिझ्झ्याचा घसा खवखवण्याचे कारण बहुधा तेच असते. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून निघाली. टोमॅटो नेपल्सला रुळला, मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. या सॉसमध्ये ती दोघे पुन्हा भेटतात आणि त्यांचे चांगले जमते. मांसाहारी पिझ्झ्यासाठी सुक्के मटणच हवे, हाडावेगळे करून बोटांनी तंतू सुटे केलेले आणि तेल सुटेपर्यंत परतलेले. त्याच्यावर चीज अगदी थोडे.

आणि तांबडा रस्सा? तोही पिझ्झ्यावर येतो, पण सगळा नाही. रविवारी रस्सा शिजून थोडा निवला की वर लालभडक तवंग येतो. तेवढाच पळीने अलगद काढून वाटीत ठेवते. नेपल्सचा कारागीर पिझ्झ्यावर ऑलिव्ह तेलाची धार सोडतो, तशी या तवंगाची चमचाभर धार मी तव्यावरून उतरलेल्या पिझ्झ्यावर सोडते. रश्श्याचा सगळा वास त्या तेलात असतो आणि त्यात पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे बेस कडक राहतो. गेल्या रविवारी सासूबाईंनी एक फोड संपवली, दुसरी उचलली, आणि खाली उरलेला रस्सा वाटीत ओतून घेऊन ती फोड त्यात बुडवली.