दुधाचा मेसेज मराठीत पोचवताना

मराठी मेसेजच्या जागी उमटणाऱ्या प्रश्नचिन्हांनी माझ्या तीन रात्री खाल्ल्या. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी हिशेब बघतो. 47 उत्पादक, निम्म्याहून जास्त जणांकडे बटणांचा फोन. कागदी पावती भिजते, हरवते आणि दहा दिवसांच्या बिलाला वाद होतात. म्हणून माप झालं की लगेच मेसेज जावा, असं ठरवलं. कपाटातला जुना बटणाचा फोन डेटा केबलनं कॉम्प्युटरला जोडला, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतून, केबलवरून बोलणाऱ्या पायसीरियल या तिच्या जोडसाधनानं त्याला एटी कमांड (फोनला द्यायच्या लेखी आज्ञा) दिल्या आणि इंग्रजी अक्षरांतला मेसेज अर्ध्या तासात गेला.

मग मराठीत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काकू किटली खाली ठेवून फोन पुढे करत म्हणाल्या, "बाळा, हे काय आलंय? माझं दूध नापास केलं का?" पडद्यावर 6.4 आणि 7.1 नीट दिसत होते, बाकी सगळी प्रश्नचिन्हं. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

मेसेजची नेहमीची अक्षरं 7 बिटांची, त्यांत देवनागरी नाही. त्यासाठी यूसीएस-2 लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला चार आकडी कोड देणारी पद्धत. सीएससीएस या कमांडनं फोनला तसं सांगायचं आणि मजकूर अक्षरांऐवजी कोडमध्ये द्यायचा. 'दूध' म्हणजे 0926 0942 0927. एवढं केलं तर मेसेज जाईचना, नुसता 'एरर'. दोन रात्री मी मजकुरातच चूक शोधत बसलो. चूक मोबाइल नंबरात होती! यूसीएस-2 सुरू केलं की नंबरही त्याच कोडमध्ये द्यावा लागतो, 9 चा 0039, 1 चा 0031. ही गोष्ट मला कुठं ठळकपणे लिहिलेली सापडली नाही, म्हणून इथं लिहितोय.

नंबर सुधारला, मेसेज गेला आणि पुन्हा प्रश्नचिन्हं! तिसऱ्या रात्री कळलं की मेसेज कोणत्या पद्धतीच्या अक्षरांत आहे वगैरे सांगणाऱ्या सीएसएमपी कमांडचा शेवटचा आकडा 0 राहिला होता, तो 8 हवा. पूर्ण 17,167,0,8. रात्री पावणेदोनला माझ्याच दुसऱ्या फोनवर 'दूध' हा शब्द उमटला तेव्हा मी बायकोला उठवून दाखवला.

मराठी मेसेजला 160 नाही, 70 अक्षरं मिळतात. त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'रक्कम' पाच अक्षरांचा. 70 च्या वर गेलात की एकाचे दोन मेसेज होतात. आमच्या सिमला दिवसाला 100 मेसेज आहेत, दोन्ही वेळचे मिळून 94 लागतात, म्हणजे ही काटकसर करावीच लागते. सध्या असा जातो: "सकाळ. म्हैस दूध 6.4 लि. फॅट 7.1 एसएनएफ 9.0 दर 55.20 रक्कम 353.28". बरोबर 64 अक्षरं. (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ.)

कमांड दिल्यावर फोनकडून '>' हे चिन्ह येईपर्यंत थांबा, मगच मजकूर, शेवटी कंट्रोल-झेड. घाई केली की मधलाच मेसेज गळतो, आणि ज्याचा गळतो तो माणूस नेमका भांडायला येतो. फक्त आपल्याच सभासदांना, त्यांना विचारून पाठवा. जाहिराती पाठवायच्या असतील तर डीएलटी नोंदणीचा (व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांनी मोबाइल कंपन्यांकडे करायची नोंदणी) रस्ता वेगळा आहे, साध्या सिमवरून ते करू नका.

हे सगळं झाल्यावर कळलं की गामू नावाचं मोफत सॉफ्टवेअर युनिकोडचा पर्याय दिला की हे कोड स्वतः बनवतं. तुमच्या फोनला ते चालत असेल तर तिथूनच सुरुवात करा. आणि केबल रोज त्याच यूएसबी खाचेत लावा. खाच बदलली की पोर्टचा नंबर बदलू शकतो, आणि सहा वाजता रांग लागलेली असताना तो शोधायला वेळ नसतो.

काकू आता मेसेज नातवाला न दाखवता स्वतःच वाचतात. परवा फॅट 0.2 नं कमी लागली, तर दुपारीच विचारायला आल्या.