आमची वाटचाल : आधी मोजणी, मग बूफर

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला आमचं कार ऑडिओचं दुकान आहे. पूर्वी हा धंदा सरळ होता. डॅशबोर्डमध्ये १८० बाय ५० मिलिमीटरची खाच असायची. जुना डेक (गाणी वाजवणारा संच) काढायचा, नवा सरकवायचा, त्याच्या मागच्या आरसीए पिनांपासून डिक्कीतल्या, आवाजाची ताकद वाढवणाऱ्या अ‍ॅम्पपर्यंत वायर न्यायची आणि बारा इंची बूफरचा, म्हणजे बेसचे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, डबा बसवायचा. पुढे ती खाच दुप्पट उंचीची झाली आणि आता नव्या गाड्यांत ती उरलीच नाही. स्क्रीन, एसी, मागचा कॅमेरा, सेन्सरचे बीप सगळं एकाच संचात आलं. हॅरियरच्या वरच्या मॉडेलला जेबीएलचे ९, पुढे १० स्पीकर, सेल्टॉसला बोसचे ८, एक्सयूव्ही ७००ला सोनीचे १२, तेही बूफरसकट कंपनीतूनच. डेक बदलायचं काम बंद झालं, पण गिऱ्हाईकाचं म्हणणं तेच राहिलं : "बेस कमी वाटतो, बूफर टाकून द्या."

बेस कमी वाटण्याची कारणं पाच-सहा निघतात आणि त्यातल्या एक-दोन कारणांवरच नवा बूफर हा इलाज आहे. बाकीच्या ठिकाणी तो लावून पैसे जातात, डिक्कीतली जागा जाते आणि तक्रार तशीच राहते. म्हणून दुकानात आधी मोजणीचं काम उभं केलं. त्याचे पैसे वेगळे घेतो, म्हणजे मोजून झाल्यावर "काहीच लावू नका" असं सांगायला आमचा हात अडकत नाही.

पहिलं हत्यार कान, पण कानाचा कल ठाऊक पाहिजे. १००० हर्ट्झचा (सेकंदाला १००० कंपनांचा; आकडा कमी तितका सूर खालचा) सूर कानाला लागायला दोन-तीन डेसिबल पुरतात. ५० हर्ट्झला त्यासाठी ४४ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झला ७८च्या वर. त्यामुळे आवाज बारीक असताना बेस गेल्यासारखा वाटणं हा सेटचा दोष धरू नये. उलट दोन सेटिंगची तुलना करताना एक जरी दोन-तीन डेसिबलनं मोठं असलं, तरी तेच चांगलं वाटतं. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करून घ्यावा.

कानानं पारखायला धडाधडा वाजणारं डीजेचं गाणं निरुपयोगी. त्यात बेस एकाच सुराभोवती फिरतो आणि गाडी त्या सुराला घुमत असेल तर सगळं भारीच वाटतं. आम्ही बेस गिटारचं साधं, वरखाली फिरणारं वादन लावतो. तिच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. चारही सूर साधारण सारख्या जोरानं यायला हवेत. ७३ला सीट हलते आणि ४१ला फक्त बोटं तारेवर सरकल्याचा आवाज येतो, म्हणजे सेट खाली उतरतच नाही. दुसरी परीक्षा पखवाजाची. थाप पडल्यावर ती थांबली पाहिजे. पुढच्या थापेपर्यंत मागचं घुमणं शिल्लक राहत असेल तर कुठेतरी एक उंचवटा आहे, आणि तो बेस वाढवून जाणार नाही, कमी करून जाईल.

मोजणीला बसण्याआधी सेटमधल्या सगळ्या करामती बंद कराव्या लागतात : सराउंड, लाउडनेस, वेगाप्रमाणे आवाज वाढवणारं सेटिंग, बेस-ट्रेबल शून्यावर, बॅलन्स-फेडर मध्यावर. टोनच्या (एकाच हर्ट्झच्या सलग सुराच्या) फाइल पेनड्राइव्हवरून वाजवाव्यात. ब्लूटूथ बेस खात नाही, पण फोनमधला विसरलेला इक्वलायझर सगळी मोजणी फुकट घालवतो. काचा वर, एसीचा पंखा बंद, मागची सीट उभी, डिक्कीत रोजचं सामान जसंच्या तसं.

इंजिनही बंद पाहिजे. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर चालू असेल तर त्याचाच आवाज जवळपास २७ हर्ट्झला येतो, तीन सिलिंडरचं असेल तर २० हर्ट्झला. माइकला तो बेसच वाटतो. मात्र इंजिन बंद केलं की बॅटरी १२.६ व्होल्टवर येते आणि टोन वाजवताना आणखी खाली जाते. म्हणून बॅटरीला बाहेरून पॉवर सप्लाय जोडून १३.५च्या आसपास धरून ठेवतो.

मोबाइलच्या अ‍ॅपवर आमचा भरवसा नाही. बहुतेक अ‍ॅप ए-वेटिंगवर, म्हणजे खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजपट्टीवर असतात. ती मोजपट्टी ५० हर्ट्झला ३० डेसिबल कमी दाखवते आणि ३१.५ हर्ट्झला ३९. मीटर सी किंवा झेडवर (झेड म्हणजे काहीच न कापणारी मोजपट्टी) हवा. सी-वेटिंगला ३१.५ हर्ट्झवर फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो. सुरुवातीला साधा मीटर होता, मग कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाजाचा आलेख काढणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. माइक ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी, दोन्ही कानांपाशी आणि थोडा पुढे-मागे असा सहा ठिकाणी धरून सरासरी काढतो. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, गाडीचं केबिन अडीच-तीन मीटरचं, त्यामुळे तिथे जागेनं फारसा फरक पडत नाही. ८०-१००च्या वर पडतो.

आलेख बघताना लोकांना एक गोष्ट चकित करते : लहान बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप फुगतात. लाटेची निम्मी लांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की, म्हणजे अडीच मीटरला साधारण ६८ हर्ट्झखाली, सगळ्या केबिनमधला दाब एकदम वर-खाली होतो. हिशेबानं ही वाढ खाली उतरताना दर सप्तकाला (हर्ट्झ निम्मे झाले की) १२ डेसिबल असते. पत्रा, काचा आणि फटींमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. म्हणून घरात ज्याची गणती होणार नाही असा आठ इंची बूफर गाडीत निभावून नेतो. काच चार बोटं खाली केली तरी हा फायदा पातळ होतो, आणि हे गिऱ्हाईकाला शेजारी बसवून आलेखावर दाखवता येतं.

आता खरा मुद्दा. बऱ्याच कंपनी सेटमध्ये आवाज वाढवत नेला की खालचे सूर मुद्दाम दाबले जातात, कारण छोटा स्पीकर फाटू नये ही कंपनीची काळजी. त्याच जोरात एक सप्तक खाली उतरायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावं लागतं, आणि छोट्या बूफरकडे तेवढी चाल नसते. हे दाबणं पकडायला माइकपेक्षा मल्टिमीटर बरा. बूफरच्या दोन वायरींवर ट्रू आरएमएस मीटर (सतत बदलत्या व्होल्टचा खरा परिणामी आकडा दाखवणारा) एसी व्होल्टवर लावतो आणि ३०, ४०, ५०, ६३, ८०, १०० हर्ट्झचे टोन आवाजाच्या तीन-चार पायऱ्यांवर वाजवून आकडे लिहून काढतो. समजा पायरी १०ला ४० आणि १०० हर्ट्झ दोन्हीकडे १ व्होल्ट आला. पायरी ३०ला १००चा टोन ८ व्होल्टवर गेला आणि ४०चा २.८ वरच अडकला, तर सेटनं तिथे ९ डेसिबल कापलेत. या गाडीत "हळू वाजवलं की बेस आहे, जोरात लावलं की गायब" ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि सेटिंगमध्ये बेस वाढवून ती जाणार नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो. या सेटमध्ये स्पीकरची कुठलीच वायर अर्थिंगची नसते. गाणं बंद असतानाही दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट डीसी उभे असतात. स्कोपची (लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राची) अर्थची चिमटी किंवा अ‍ॅम्पची निगेटिव्ह वायर यातल्या एकीला लावून बॉडीशी जुळली की सेटमधली आवाज वाढवणारी आयसी (चिप) जाते. मीटर नेहमी दोन वायरींच्या मधे, आणि स्कोप बॅटरीवर चालणारा.

व्होल्टचा वर्ग करून ओहमनं भागला की वॉट निघतात. १४.४ व्होल्टवर चालणारा साधा अ‍ॅम्प अगदी आदर्श धरला तरी १०.२ व्होल्ट आरएमएस देईल, म्हणजे ४ ओहमला २६ वॉट. प्रत्यक्षात वीस-बावीस. ब्रोशरमधला मोठा आकडा सगळ्या चॅनलच्या क्षणिक ताकदीची बेरीज असतो. त्या आकड्यावरून बेसचा अंदाज बांधू नये.

सेट व्होल्ट नीट देतोय, तरी सीटवर बेस नाही, असं असेल तर फेज बघायची, म्हणजे दोन स्पीकरच्या लाटा एकत्र वर-खाली होतात की एकमेकींना खोडतात ते. डिक्कीतला बूफर दरवाजाच्या स्पीकरपेक्षा दीड मीटर लांब असेल तर त्याचा आवाज साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदाचं, म्हणजे एक तृतीयांश आवर्तन मागे. त्यात कुणी बंपर किंवा आतलं अस्तर काढताना बूफरच्या वायरी उलट जोडल्या असतील, तर ७०-९०च्या पट्ट्यात खड्डा पडू शकतो. उपाय म्हणजे बूफरच्या दोन वायरी पालटून पुन्हा स्वीप (खालच्या सुरापासून वर सरकत जाणारा टोन) घ्यायचा आणि ज्या जोडणीत तो पट्टा भरून निघतो ती ठेवायची. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला तर पडदा बाहेर यायला हवा, आत गेला तर खूण उलट. याच वेळी ओहम मोजून घ्यावेत. ४ ओहमचा धड स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो. दोन कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांचा) बूफर असेल तर दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजायच्या. एक कॉइल गेली तरी बूफर वाजत राहतो, फक्त ताकद जाते, आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या भागाचे दोन दोष वेगळे लिहायला हवेत. पहिला धुळीचा. कच्च्या रस्त्यानं शेतावर जाणाऱ्या गाड्यांत बारीक माती डिक्कीच्या अस्तरामागे आणि बूफरच्या कॉइलच्या फटीत बसते. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून सावकाश आत ढकलला की खरखर हाताला लागते. हा बूफर बदलायचाच, धुऊन-पुसून उपयोग नाही.

दुसरा उन्हाचा. मे महिन्यात बंद डिक्कीतला अ‍ॅम्प तापून स्वतःच बंद पडतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू होतो. बूफरची कॉइलही तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल १०० अंशांनी तापली तर ३.४ ओहमचे ४.७ होतात आणि तेवढ्याच व्होल्टला ताकद चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घसरते. लातूरहून निघताना बेस होता आणि बीड यायच्या आत मवाळ झाला, याचं कारण बहुधा हेच.

पत्र्याच्या खडखडीला वेळ सगळ्यात जास्त जातो आणि फळही लगेच दिसतं. २० ते १२० हर्ट्झचा स्वीप अगदी सावकाश सोडायचा. एकानं सीटवर बसून खडखड सुरू झाली की हर्ट्झचा आकडा सांगायचा, दुसऱ्यानं बाहेरून तळहात टेकवत फिरायचं. मागच्या नंबर प्लेटवर हात ठेवला आणि आवाज थांबला, तर तिच्या खालच्या काठामागे ३ मिलिमीटरची फोमपट्टी. पुढे डिक्कीच्या झाकणाचे क्लिप, स्टेपनीजवळचा जॅक आणि पाना, पार्सल ट्रेच्या दोऱ्या, ग्लोव्ह बॉक्समधला चिल्लर. ही खडखड बेसच्याच वेळी होते म्हणून लोक "बूफर फाटलाय" म्हणतात. झाकणाच्या पत्र्याला ब्यूटाइलची (थरथर शोषणाऱ्या रबराची) शीट लावतो. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या उन्हात ती मऊ होऊन ओघळते आणि गाडीत वास राहतो. शीट लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडा पाहिजे. धुळीवर लावलेली शीट एका पावसाळ्यात सुटते.

समृद्धी महामार्गावर बेस कमी वाटतो, ही तक्रारही नेहमीची. काँक्रीटवर टायरचा घोंगाट खालच्याच पट्ट्यात येतो आणि बेस झाकून टाकतो. अशा गाडीत टायरची हवा आणि घसाई बघतो आणि चाकाच्या कमानीला ब्यूटाइल लावून पुन्हा ऐकायला सांगतो.

एवढं सगळं करून खरोखर बूफर हवाच ठरला, तर कंपनीची वायर कापत नाही. दोन्ही बाजूंना कंपनीसारखेच सॉकेट असलेलं जोडहार्नेस मधे टाकतो, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवला तर दहा मिनिटांत गाडी होती तशी करता येते. सिग्नल कुठून घेतला हे इथे निर्णायक आहे. ज्या बूफरच्या वायरीवर सेटनं आधीच ९ डेसिबल कापलेत, तिथून घेतलेला सिग्नल मोठ्या अ‍ॅम्पमधूनही कापलेलाच येणार. कापलेला भाग भरून काढणारे प्रोसेसर मिळतात. ते बसवल्यावर बारीक आवाजाला बेस जास्त होत नाही ना, हे त्याच पायऱ्यांवर पुन्हा मोजावं लागतं. काही गाड्यांत छतातल्या माइकवर चालणारी गोंगाट कमी करणारी यंत्रणा असते. नवा बूफर तिला गोंगाटच वाटतो आणि केबिनमध्ये सतत गुणगुण सुरू होते, म्हणून ती आहे का हे आधी बघून घ्यायचं.

५०० वॉट आरएमएसच्या अ‍ॅम्पला ८० टक्के कार्यक्षमतेनं १३.८ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर लागतात. त्याला २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर, ६० अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर बाजारात तांब्याची म्हणून विकली जाते. टोक सुरीनं खरवडलं की आत पांढरं दिसतं.

पूर्ण आवाजाच्या चाचण्या शटर ओढून दिवसाच करतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची धरली आहे आणि रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. बेस भिंतीतून जातो, शेजाऱ्यांना गाणं ऐकू येत नाही पण ठेका येतो.

सध्या इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात आणि त्यांची पद्धत थोडी वेगळी ठेवली आहे. गाडी रेडीवर (चालवायला तयार स्थितीत) ठेवली की १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरून भरत राहते, बाहेरचा सप्लाय लागत नाही. इंजिनचा २७ हर्ट्झचा आवाज नसल्यानं स्वीप कमी आवाजातही स्वच्छ मिळतो. पण डिझेलच्या आवाजाखाली झाकली गेली असती अशी खडखडही तिथे लख्ख ऐकू येते, म्हणून या गाड्यांत स्वीपच्या आधी नंबर प्लेट आणि डिक्कीचे क्लिप आवळून घेतो.