व्यापारी कोण, ज्यू कोण?

आज दिवसभर शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकाच्या चौथ्या अंकातला एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. वकिलाच्या वेशातली नायिका पोर्शिया कोर्टात येते आणि विचारते, यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? खऱ्या व्हेनिसमध्ये ज्यूंना वेगळ्या रंगाची टोपी सक्तीची होती, १५१६पासून राहायला घेट्टो, म्हणजे बंदिस्त वस्तीही वेगळी. म्हणजे प्रश्न पडायलाच नको! बरेच दिग्दर्शक इथे हशा काढतात आणि पुढचं सगळं घालवून बसतात. कारण याच प्रवेशात ज्यू सावकार शायलॉक, ज्याला बुडालेल्या कर्जापोटी करारानुसार व्यापाऱ्याच्या अंगाचं शेरभर मांस हवंय, सुनावतो: तुम्ही विकत घेतलेले गुलाम राबवता, मीही हे शेरभर मांस ३,००० डुकाट (सोन्याची नाणी) देऊन विकत घेतलंय. हिशेब तोच, फक्त धर्म वेगळा.

शेक्सपिअरच्याच काळातल्या मार्लोच्या ‘ज्यू ऑफ माल्टा’ नाटकात तर आडपडदाच नाही. तुर्कांची १० वर्षांची खंडणी थकलेली, ती भरायला ख्रिस्ती गव्हर्नर ज्यूंची निम्मी मालमत्ता मागतो. श्रीमंत ज्यू बाराबास आढेवेढे घेतो, तर सगळीच जप्त! वर पापपुण्याचं प्रवचन. आणि त्याच्या घराचा होतो जोगिणींचा मठ.

खटला हरलेल्या शायलॉकला मात्र धर्मांतराची अट घातली जाते, तीही ‘दया’ म्हणून. तिथे घाई करू नये. त्याच्या ‘मान्य आहे’नंतरची शांतता प्रेक्षकांना सोसू द्यावी.