सरांचा ‘रन’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर इंग्रजीचे सरच उभे राहिले. प्रभातफेरी, स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरांविषयीच लिहायचं आहे.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. ‘रन म्हणजे धावणे’ एवढ्या भांडवलावर आठवीत पोचलो होतो. पोळा झाल्यावर आमच्यातला एक जण गुलाबी डाग पडलेला पांढरा सदरा घालून आला. बैलाची नवी लाल झूल आणि सदरा घरी एकाच बादलीत भिजले होते. पोट्टे हसू लागले, तो मान खाली घालून बसला. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ‘द कलर हॅज रन.’

“हसता काऊन रे? रंग उतरला की इंग्रजीत तो ‘रन’ होतो. याच्या सदऱ्यामुळं आज समजलं तुम्हाले.”

त्यानं मान वर केली. मग सरांनी रन-रॅन-रन म्हणून घेतलं आणि विचारलं, गावात आणखी काय काय ‘रन’ होतं? शकुंतला ही आमची छोटी रेल्वे, ओलिताची मोटर, नाला, सर्दीनं वाहणारं नाक, सगळं फळ्यावर आलं. रॉकेल संपलं, तर ‘रन आउट’. किराणावाल्याच्या मुलाला सरांनी वाक्य दिलं, ‘माय फादर रन्स अ शॉप.’ आपल्याकडे दुकान चालतं, घर चालतं. इंग्रजीत तेच धावतं, हे त्या तासाला कळलं ते कायमचं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत, हे पुढे वाचलं. आज नागपूर खंडपीठात वकिली करतो. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ९ प्रमाणे दावा लावायचा काळ एकदा ‘रन’ होऊ लागला की नंतर आलेली अडचण त्याला थांबवत नाही. शिक्षा ‘रन कन्करंटली’ असं निकालात असेल तर त्या एकत्र भोगायच्या. नसेल तर सहसा एकीमागून एक. त्या दोन शब्दांवर माणसाची वर्षं ठरतात. असा निकाल वाचताना मला तो फळा दिसतो. इंग्रजी माध्यमातल्या कोणापुढेही मी कधी दबलो नाही, ते सरांमुळे.

शकुंतला आता बंद आहे. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, चांगलंच झालं. पण गाइडमधून एका शब्दाला एक अर्थ घोकणारी मुलं पाहिली की जीव तुटतो.

सरांनी प्रत्येकाला वही करायला लावली होती. एका पानावर एक क्रियापद आणि खाली आपल्याच गावातली वाक्यं. गेट, टेक, पुट यांचीही पानं होती. माझी वही मी शाळेला देतो आहे. ज्यांनी जपली असेल त्यांनी कार्यक्रमाला येताना आणावी. सरांच्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट झेरॉक्स काढून आठवीच्या मुलांना वाटायच्या आहेत. खर्च माझ्याकडे.