हो, युद्ध मी पाहिलेलं नाही

"आजोबा लढले बेचाळीस साली, बाबा तुझे बँकेत, तू आयटीत. मग तुला कसला आलाय वॉर ट्रॉमा?" हे मला लग्नकार्यात विचारून झालंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारून झालंय, एका काउन्सेलर बाईंनीही विचारलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. दरवेळी मी हसून विषय बदलते. आता तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा काय ते सांगून टाकते.

एक तर ट्रॉमा हा शब्द तुमचा. मी एवढंच म्हटलं होतं की आमच्या घरात झोपलेल्या माणसाला हात लावून उठवत नाहीत, दारात उभं राहून हाक मारतात, आणि ह्याचं कारण तोब्रुकमध्ये आहे. त्यावर हशा झाला.

तोब्रुक म्हणजे लिबियात, दुसऱ्या महायुद्धात तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. २० जून १९४२ ला पहाटे आधी विमानं आली, मग जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे, आणि त्यांनी कडं फोडलं ते नेमकं पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या बाजूला. आजोबा तिथे होते. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीस हजारांवर माणसं कैद झाली, पुढे इटलीतले कॅम्प. त्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडग्यांना दोन वर्षांनी इटलीतच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि असायलाच हवा. पण हात वर करून परत आलेल्यांचं काय करायचं हे आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. आजोबा सातारकडच्या आमच्या गावात फक्त "मिसरात होतो" म्हणायचे. कैद हा शब्द नाही. नंतर खडकीला दरबानाची नोकरी लागली आणि आम्ही पुणेकर झालो.

आता ते हात न लावण्याचं प्रकरण. मला ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. बाबा डायनिंग टेबलवर मेथी निवडत होते, मी म्यूट करून ऑफिसचा कॉल ऐकत होते, आणि मान वर न करता त्यांनी सुरू केलं. ते सात-आठ वर्षांचे असतील. आजोबा नाइट ड्यूटी करून दुपारी सतरंजीवर झोपलेले, आजी म्हणाली जा रे, चहा झालाय, उठव. बाबांनी खांद्याला हात लावला. पुढचं त्यांना आठवतं ते म्हणजे डोकं भिंतीला टेकलंय, आजोबांचा हात गळ्यावर, आणि आजोबांचे डोळे उघडे आहेत पण बघतायत दुसरीकडेच कुठेतरी. आजी आतून आली. तिने सोडवायला हात घातला नाही, लांबच उभी राहिली आणि मोठ्याने आजोबांना नावाने हाक मारली. नुसतं नाव नाही, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं, हजेरीला पुकारतात तसं. ज्या बाईने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही तिने! हात सुटला. आजोबा मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले. संध्याकाळी बाबांच्या हातात फरसाणाचा पुडा ठेवला, बोलले काहीच नाही. बाबा मला म्हणाले, गळ्याचं विशेष काही वाटलं नाही गं, आईने नाव घेतलं ना, त्याची जास्त भीती वाटली. आणि मग मेथीच्या काड्या गोळा करत, "चूक माझीच, मीच हात लावला ना."

बहात्तर वर्षांचा माणूस!

आजी आम्हाला सांगायची, "निजल्याल्या माणसाला हात लावू नगं, पाप लागतं." आम्हाला तो शिष्टाचार वाटायचा. बाबांनी आयुष्यात टाय लावला नाही, सत्काराचा हार गळ्यात घालू दिला नाही, हातात घ्यायचे, आणि माझ्या लग्नात सासरच्या मंडळींना तो माज वाटला (अजून वाटतो). मी भर मे महिन्यात ॲक्टिवावर तोंडा-गळ्याला स्कार्फ न बांधता फिरते, आणि पुण्यात ही काय चीज आहे ते पुणेकर बायकांना सांगायला नको.

हे लॉकडाऊनमध्ये कळल्याबरोबर मी लेख वाचत सुटले. अमेरिकन संशोधक रेचल येहुदांचा २०१५ चा अभ्यास, होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं, एका जीनवरच्या रासायनिक खुणा दोन्हीकडे बदललेल्या. मी तो दिसेल त्याला फॉरवर्ड केला, बघा, रक्तातच आहे! तेव्हाची मी आज भेटले तर म्हणेन, बाई, ३२ आणि २२ म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगएवढी माणसं, आणि त्या खुणा तरी आईबापांत वाढलेल्या, मुलांत घटलेल्या, त्यावरून तुझ्या स्कार्फपर्यंत कशी पोचलीस? आणि जीन कशाला हवा? मला दारात उभं राहायला आजीने शिकवलं, जीनने नाही. पण मग स्कार्फ कुणी शिकवला? बाबांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात होते तेव्हापासून बांधत नाही, आणि ती हकीकत तर २०२० ची. बघून बघून लागलेली सवय असेल. किंवा मला नुसतंच उकडत असेल, तेही आहे.

पाण्याचं तर मी बोलतच नाही. आजोबा उशाशी भरलेली कळशी ठेवायचे, रात्री उठून ती आहे ना बघायचे. कैद्यांचे पाण्याविना वाळवंटात हाल झाले होते, त्यामुळे मला ते तोब्रुकचंच वाटायचं. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणीपुरवठा तुटल्यावर अर्ध्या पुण्याला पाणी भरून ठेवायची सवय लागली, ती काय सगळी लिबियात होती? PTSD, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे उरणारा मनाचा आजार, हे नाव अमेरिकन डॉक्टरांच्या यादीत आलं १९८० साली, आजोबा त्याच्या आधीच गेले. त्यांना कुणी तपासलं नाही आणि आता मी त्यांचं निदान करणारी कोण?

माझा धाकटा भाऊ म्हणतो, तुला प्रत्येक गोष्टीला स्टोरी लागते. तोही ह्याच बापाचा, ह्याच घरात वाढलेला, रोज टाय लावून हिंजवडीला जातो, ट्रेनमध्ये मानेला ती फुगवलेली उशी अडकवून घोरतो. त्याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. पण मागच्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला त्याच्या पोराला उठवायचं होतं, वहिनी म्हणाली, हलवा ना जरा त्याला, तर हा दारातून चार हाका मारून परत आला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तर म्हणाला, "तू गप्प बस."