बोट लागते तेव्हा

‘बोट लागणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते तेव्हा प्रवासी सामान उचलून उतरायला उभे राहतात, आणि बोट माणसाला लागते तेव्हा तेच प्रवासी पोट धरून आडवे होतात. पोहोचण्याचे सुख आणि मळमळीचे दुःख एकाच क्रियापदात बसवणारे आपले पूर्वज पुष्कळ वेळा बोटीने हिंडले असले पाहिजेत. मला स्वतःला हे दोन्ही अर्थ फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळले. कारण तोपर्यंत लांब जायचे म्हणजे विमानानेच जायचे, असे मी धरून चालले होते. घरापासून गाडीने तासाभरावर एक बंदर आहे आणि मोसमात तिथून आठवड्याला एखादे प्रवासी जहाज सुटते, हे ठाऊक असूनही ते माझ्या खिजगणतीत नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वळसा तर आम्ही खरोखरच घातला होता. आमची पहिली क्रूझ एका दूरच्या, नामांकित बंदरातून होती आणि तिथवर जाण्यासाठी दोन विमाने घ्यावी लागणार होती. पहिल्या विमानाला उशीर झाला, दुसरे जेमतेम मिळाले, आणि आम्हाला मिळालेले ते विमान आमच्या बॅगेला मात्र मिळाले नाही. जहाज कोणासाठी थांबत नाही. भरतीची वेळ आणि पुढच्या बंदरातली ठरलेली जागा यांना ते बांधलेले असते. त्यामुळे आम्ही जहाजावर आणि बॅग विमानतळावर अशी फारकत होऊन आमची भेट झाली ती तिसऱ्या दिवशी, पुढच्या बंदरात. तोवर मी जहाजावरच्या दुकानातून घेतलेला, छातीवर नांगराचे चित्र छापलेला एक ढगळ सदरा घालून प्रत्येक जेवणाला हजर राहिले. जाणकार सांगतात की विमानाने जाऊन जहाज गाठायचे असेल, तर एक दिवस आधीच त्या गावी मुक्कामाला जावे. सल्ला शहाणपणाचा आहे. पण चार रात्रींच्या सहलीसाठी आधीची एक रात्र परक्या गावातल्या हॉटेलात नुसती धास्तीपोटी काढायची, हा हिशेब मला काही पटेना.

जहाज आणि विमान यांचे नाते तसे विचित्रच आहे. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली आणि काही दिवसांचा प्रवास काही तासांवर आला, तेव्हा त्या महासागरावर ये-जा करणाऱ्या थोरल्या जहाजांचे दिवस भरले. वेगाचा विक्रम नावावर असलेले ‘युनायटेड स्टेट्स’ १९६९ मध्ये थांबले, ‘फ्रान्स’ १९७४ मध्ये. पण पुढे याच ‘फ्रान्स’ला ‘नॉर्वे’ असे नाव देऊन १९८० पासून मायामीहून कॅरिबियन समुद्रातल्या सहलींवर धाडण्यात आले, आणि त्या सहलींसाठी लांबलांबचे प्रवासी मायामीला येत ते विमानाने. ज्याने पोटावर पाय दिला, त्याच्याच जिवावर हा धंदा पुन्हा उभा राहिला म्हणायचा. नंतर २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांमुळे अमेरिकेतले लोक विमानात पाय ठेवायला धजेनात, तेव्हा कंपन्यांनी आपली जहाजे घरून गाडी हाकत येता येईल अशा बंदरांकडे, म्हणजे गॅल्व्हस्टन, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स अशा ठिकाणी वळवली. माणूस जहाजापर्यंत येत नसेल तर जहाजाने माणसापर्यंत जावे, एवढाच तो विचार. पण भीती ओसरल्यावरही ही प्रथा टिकून राहिली, यावरून विमानाचा कंटाळा आलेली मी एकटीच नसावे.

जवळचे बंदर निवडले की जग लहान होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. समुद्रावरचा वेग ‘नॉट’मध्ये मोजतात. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी मागे पाण्यात सोडत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, ते मोजत. आज एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. जहाज वीस नॉटने चालले असे धरले, तर संध्याकाळी पाचला निघून सकाळी सातपर्यंत ते २८० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५२० किलोमीटर जाते. एवढे अंतर विमान तासाभरात कापते. तेव्हा चार रात्रींत जहाज नेऊन नेऊन कुठवर नेणार? नकाशावर आपल्या बंदरात कंपासचे टोक रोवून काढलेल्या कमानीच्या आत जी दोन-तीन बंदरे सापडतील, तेवढीच आपली दुनिया. पण जहाजावर त्या ५२० किलोमीटरांना खरोखरीची लांबी असते. रात्री दोनदा जाग येऊन दोन्ही वेळा यंत्रांची तीच घरघर गादीखालून ऐकू आली, म्हणजे आपण केवढे लांब चाललो आहोत हे अंगाला कळते.

माझ्या आईला विमानाचे वावडे आहे. उडण्याची भीती तिला कधीच वाटली नाही. चीड येते ती चपला काढण्याची, पाण्याची बाटली टाकून देण्याची, दूरच्या दारापर्यंत चालत जाण्याची आणि एवढे सोसून गुडघे आखडून बसण्याची. जवळच्या बंदरातून निघायचे ठरल्यावर तिने पहिला प्रश्न केला, “माझी उशी नेता येईल का गं?” येते. सामानाची तपासणी इथेही होते, पण किलोकिलोचा हिशेब मांडत कोणी बसत नाही. त्यामुळे उशी आली, उशीबरोबर तिची शाल आली, आणि शालीच्या घडीत लपून तिची विणकामाची पिशवीही आली. बॅगेच्या मुठीला केबिनचा क्रमांक लिहिलेली कागदी पट्टी अडकवून ती धक्क्यावरच्या हमालाच्या हवाली करायची, आणि संध्याकाळी ती केबिनच्या दाराशी आज्ञाधारकपणे उभी असलेली पाहायची. माझ्यासारख्या, एकदा बॅग गमावून बसलेल्या बाईला या दृश्याने किती बरे वाटते, ते सांगून कळणार नाही.

निघण्यापूर्वी आपत्काळाची तालीम होते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की कुठे जमायचे, ते शिकवतात. पूर्वी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत ही तालीम घेतली तरी चालत असे. २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम व्हायचीच होती. नियम बदलला तो त्यानंतर. आई या तालमीला पिशवीतली लोकर घेऊन गेली आणि सूचना ऐकता ऐकता तिने दोन ओळी विणल्या.

मग आम्ही डेकवर कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. धक्क्यावरचे दोरखंड एकेक करून खुंट्यांवरून काढले गेले, पाण्यात पडले आणि वर ओढून घेतले गेले. शेवटच्या दोराचे पाणी निथळत असताना मी मोबाइलवर वेळ पाहत होते. विमानात धावपट्टीवरची दौड असते, पाठ आसनाला चिकटते, पोटात खड्डा पडतो आणि निघालो हे वेगळे सांगावे लागत नाही. इथे तसले काहीच झाले नाही. आई म्हणाली, “अगं, तो खांब चाललाय बघ.” मी वर पाहिले, तर धक्क्यावरचा दिव्याचा खांब खरोखरच डावीकडे सरकत होता. त्याच्यामागे गोदामाचे पत्र्याचे छप्पर निघाले, वाहनतळ निघाला, आणि त्यात उभी असलेली आमची स्वतःची गाडीसुद्धा हळूहळू निघाली. आपण जागच्या जागी उभे राहून आपले गाव आपल्याला सोडून जात आहे, असे ते दृश्य होते. आणि ते निदान तासभर चालू राहिले. बंदराबाहेर आल्यावर एक छोटी होडी जहाजाच्या अंगाला येऊन चिकटली आणि आमचा पायलट दोरीच्या शिडीने तिच्यात उतरला. जहाजालाही पायलट असतो, मात्र तो पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवून रात्रीच्या जेवणाला घरी परततो. त्या होडीचा दिवा दिसेनासा होईपर्यंत आई विणकाम विसरली होती.

तक्रारीही आहेत. लहान बंदरांच्या वाट्याला नवी, अजस्र जहाजे सहसा येत नाहीत. कुठे पाणी उथळ असते, कुठे वळायला जागा नसते, तर कुठे पूल आडवा येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या टॅम्पाच्या वाटेवर सनशाइन स्कायवे नावाच्या पुलाखाली सुमारे ५५ मीटर उंचीचीच मोकळीक असल्यामुळे आजची सर्वांत मोठी जहाजे त्या बंदरात शिरूच शकत नाहीत. आमच्याही वाट्याला एक वयस्कर जहाज आले आहे, ज्याच्या लिफ्टला दार मिटण्यापूर्वी क्षणभर विचार करावा लागतो. एकच बंदर आम्ही तीनदा पाहिले. तिसऱ्या खेपेला आम्ही उतरलोच नाही, आणि रिकाम्या जहाजावर काढलेली ती दुपार मला त्या सहलीतली सर्वांत चांगली वाटली. मात्र विमान टाळले म्हणजे हवा राखली, असे मी कोणाला सांगायला जात नाही. जहाज म्हणजे तरंगते हॉटेल. त्याचे दिवे आणि वातानुकूलन चालते ते इंधन जाळूनच, मग ते चालत असो की धक्क्याला उभे असो. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली; अलास्कातल्या जुनो बंदरात २००१ पासून क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली आणि नंतर इतर काही बंदरांनी तसेच केले. सुधारणा आहे, पण ती पुण्य म्हणून मिरवण्याइतकी नाही.

बोट लागण्याचा दुसरा अर्थ मला दुसऱ्या रात्री कळला. केबिनच्या भिंती डोळ्यांना सांगतात की सारे स्थिर आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सारे हलते आहे, आणि या भांडणात पोट निष्कारण भरडले जाते. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी असतो, हे मला केबिन निवडताना ठाऊक नव्हते. मी देखाव्याच्या लोभाने पुढची, वरची केबिन घेतली होती. आईला काही झाले नाही. ती मला डेकवर घेऊन गेली, क्षितिजाकडे पाहा म्हणाली, आणि अर्ध्या तासात कान व डोळे यांचा समेट झाला.

परतताना पहाटे आम्ही दोघी पुन्हा त्याच कठड्याशी होतो. किनाऱ्यावरचे दीपगृह मी कितीतरी वर्षे जमिनीवरून पाहत आले होते, पण त्याचा दिवा आमच्यासाठी नव्हताच. पहिल्यांदाच तो आमच्याकडे तोंड करून मिचकावत होता. नऊ वाजता बोट धक्क्याला लागली. ना पट्ट्यावरच्या बॅगांची वाट, ना पुढचे विमान. साडेदहाला आम्ही घरात होतो. एखाद्या दूरच्या बंदरातून आलो असतो, तर तोवर विमानतळावरच बसलो असतो आणि समुद्राचा उरलासुरला झोका तिथल्या खुर्च्यांवर जिरून गेला असता. इथे तो थेट घरापर्यंत आला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला, तेव्हा ओटा संथपणे वर गेला आणि खाली आला. मागे वळून पाहिले, तर आई उशी काखेत धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “जमीन लागली गं मला,” ती म्हणाली.