सीडीएची व्हिजिट झाली एकदाची!
आज आमच्या डेकेअरमध्ये माझी सीडीएची (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांचं सर्टिफिकेट) व्हेरिफिकेशन व्हिजिट होती, म्हणजे तपासणीला एक बाई येऊन माझं काम बघणार; परीक्षा आधीच देऊन झालेली. अमेरिकेत लहान मुलांसोबत काम करायचं तर हे सर्टिफिकेट हातात असलेलं बरं, पण त्यासाठी १२० तासांचं ट्रेनिंग, ४८० तास मुलांमध्ये प्रत्यक्ष काम, वर जाडजूड पोर्टफोलिओ आणि ६५ प्रश्नांची परीक्षा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोरं सांभाळायला कसली गं परीक्षा! आता दोन वर्षांचं पोर दुसऱ्याला चावलं की ओरडायचं नाही, आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्यायचं, मग चावणाऱ्याच्या उंचीवर बसून "तुला तो ट्रक हवा होता ना" म्हणायचं, हे घरी कोण शिकवतं आपल्याला?
आज तपासणीच्या बाई कोपऱ्यात बसून लिहून घेतायत आणि नेमकी डायपर बदलायची वेळ, मी एकदम नियमानुसार, ग्लोव्हज, पुसणं, शेवटी बाळाचे पण हात धुवायचे (हे सगळे विसरतात), तर आमचं ध्यान माझं आयडी कार्ड तोंडात घालून खुशाल चघळतंय 😄 त्या पण हसल्या. नंतर निवांत गप्पा, काय जमतं, काय अजून शिकायचंय वगैरे.
रिझल्ट यायचाय. आणि पास झाले तरी ३ वर्षांनी रिन्यू करायचंच, म्हणजे परत तासांचा हिशेब! असो, आज स्वयंपाक नाही, पिझ्झा मागवलाय.